बाकावरच्या खेळाडूंना विचारणारा कोच

४ मे २०२२ चा सामना. आपल्याकडे तारीख उलटून रात्रीचे सव्वादोन वाजले होते. घरात सगळे झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर रिअल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी, युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज धरायची. पहिला सामना सिटीनं ४-३ असा जिंकला होता आणि इथंही ७३ व्या मिनिटाला त्यांच्या महरेझनं गोल मारलेला. ग्रुपवर 'झोपा आता' असे मेसेज पडायला लागले होते. मग ९० व्या मिनिटाला माद्रिदचा रॉद्रिगो, आणि पुढच्याच मिनिटाला परत रॉद्रिगो. बेरीज बरोबरीत. मी उशीत तोंड खुपसून ओरडलो.

ते गोल सगळ्यांनी हजारदा बघितलेत. मला त्यानंतरचं दृश्य जास्त आठवतं. जादा वेळात बेन्झेमानं पेनल्टी मारून माद्रिदला पुढं नेलं होतं, आता आघाडी टिकवायची होती. कॅमेरा माद्रिदच्या बाकाकडं गेला. तोवर कोच म्हणून तीन चॅम्पियन्स लीग जिंकलेला कार्लो अँचेलोटी टोनी क्रूस आणि मार्सेलोशी बोलत उभा होता. क्रूसला त्यानंच मघाशी बाहेर घेतलेलं, मार्सेलो त्या रात्री बाकावरच. चर्चा काय, तर आता कुणाला आत पाठवायचं. क्रूसनं नंतर सांगितलंसुद्धा, की कोचच्या मनात शंका होती आणि आम्हीही आयुष्यात पुष्कळ सामने बघितलेत, म्हणून त्यानं आम्हाला विचारलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर याच गोष्टीवरून वाद झाला. 'ज्याला बदली कुणाची करायची हे खेळाडूंना विचारावं लागतं तो कसला कोच? नुसता नशीबवान माणूस. मोठे खेळाडू मिळाले, कप मिळाले.' हे मी गेली वीस वर्षं ऐकतोय. मला ते मनापासून पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहून काढायचं होतं.

अँचेलोटीचा जन्म १९५९ चा, उत्तर इटलीतल्या रेज्जोलो गावचा. वडील ज्युसेप्पे दूध-दुभत्याचे शेतकरी. तिकडचं दूध पार्मेझान चीजला जातं आणि ते चीज तयार व्हायला वर्षाच्या वर लागतं. आपल्या कोल्हापूर भागात ज्याच्या दारात गोठा आहे त्याला वेगळं सांगायला नको. जनावरावर आरडाओरडा करून दूध वाढत नाही. वडिलांचा शांतपणा आपल्यात आला, असं अँचेलोटी स्वतः सांगत आलाय.

खेळाडू म्हणून तो मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. रोमाकडून १९८३ मध्ये इटलीची लीग जिंकला. गुडघ्यांनी त्याला फार छळलं, १९८४ ची युरोपियन कपची (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) फायनल त्या दुखण्यापायीच हुकली. तरीही १९८७ मध्ये मिलानचा कोच आरिगो सॅकीनं हट्ट धरून त्याला मिलानला आणलं. दोन वर्षांनी घरच्या सान सिरो मैदानावर मिलाननं रिअल माद्रिदला ५-० असं लोळवलं, त्यातला पहिला गोल याचा, लांबून मारलेला. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप. पुढं १९९४ च्या वर्ल्डकपला तो सॅकीचाच सहायक होता.

सॅकी म्हणजे पद्धतीचा माणूस. ४-४-२, म्हणजे चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड, आणि सगळी टीम एका दोरीत बांधल्यासारखी पुढं-मागं सरकणार. अँचेलोटी कोच झाला तेव्हा हेच डोक्यात घेऊन आला, आणि त्याची खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९९६ मध्ये तो इटलीतल्याच पार्मा क्लबला गेला. टीममध्ये कोवळा बुफॉन, थुराम, कॅनावारो, क्रेस्पो. जानफ्रांको झोलासारखा कलाकार त्यानं ४-४-२ मध्ये बसत नाही म्हणून कडेला खेळवला. झोला त्याच हंगामात चेल्सीला निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात रॉबर्तो बॅजिओ पार्माला यायला तयार होता. त्याला फॉरवर्डच्या मागं मोकळं खेळायचं होतं. अँचेलोटी म्हणाला, माझ्या पद्धतीत ती जागाच नाही. बॅजिओ बोलोन्याला गेला आणि त्या हंगामात लीगमध्ये २२ गोल मारले.

ही चूक होती, हे अँचेलोटीनं नंतर स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. माझ्या लेखी त्याची अख्खी कारकीर्द म्हणजे त्या एका चुकीची भरपाई आहे.

इथं माझंही एक सांगतो. मी रोज सकाळी शाळेच्या ग्राउंडवर चौदा वर्षांखालच्या पोरांची प्रॅक्टिस घेतो. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. पळायला मंद, पण बॉल पायात आला की मान वर करून असा पास द्यायचा, की समोरच्याला नुसतं पळत जायचं काम. मी त्याला विंगला, म्हणजे कडेला टाकला, कारण मध्ये मला पळणारी पोरं हवी होती. विंगला तो काय करणार? दोन मॅच बघितल्या आणि बसवला. एकदा घाबरत घाबरत म्हणाला, 'दादा, मला मधी खेळवा की.' मी म्हटलं, 'आधी पळायला शीक.' पुढच्या आठवड्यापासून तो यायचाच बंद झाला. त्याच्या वयाचं पोरगं सायकल धरून ग्राउंडच्या कडेला उभं दिसलं की अजूनही पोटात कालवतं.

अँचेलोटी पुढं युव्हेंटसला गेला. तिथं झिदान होता आणि झिदानला कडेला टाकायचा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदा त्यानं ४-४-२ बाजूला ठेवलं आणि खेळाडूभोवती टीम रचली. लीग मात्र मिळाली नाही. मे २००० मध्ये शेवटच्या दिवशी पेरुजाच्या तळं झालेल्या ग्राउंडवर युव्हेंटस १-० हरलं आणि लाझिओ एका गुणानं चॅम्पियन झालं. पुढच्या वर्षीही दुसराच नंबर. युव्हेंटसच्या काही समर्थकांनी तर डुक्कर कोच होऊ शकत नाही इतकं घाणेरडं लिहिलं. आज ज्याला नशीबवान म्हणतात तोच हा माणूस.

मग मिलान. २००१ ते २००९. पिर्लो तेव्हा फॉरवर्डच्या मागं खेळणारा, पण पळ नसलेला. ब्रेशियाला असताना थोडा काळ मागं खेळला होता, त्यानंच कोचला सांगितलं की मी डिफेन्सच्या पुढ्यात खेळू शकतो. अँचेलोटीनं ऐकलं. शेजारी गात्तुसोला ठेवलं, म्हणजे पिर्लोच्या वाटणीचं धावणं दुसरा कुणीतरी धावेल. पुढं सेडॉर्फ, रुई कोस्टा, नंतर काका. ज्यांना एका टीममध्ये बसवताच येत नाही असं लोक म्हणायचे, ते सगळे बसले. ४-३-२-१, कागदावर ख्रिसमसच्या झाडासारखी दिसणारी रचना, तिच्यासाठी मिलान ओळखलं जाऊ लागलं. २००३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसलाच पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग, २००४ मध्ये लीग. झोलाला जे दिलं नाही ते पिर्लोला दिलं.

आणि इस्तंबूल. २५ मे २००५, लिव्हरपूलविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. मी मिलानचा होतो, रात्री सव्वाबाराला जागा बसलेलो. पहिल्याच मिनिटाला माल्दिनी, मग क्रेस्पोचे दोन. हाफटाइमला ३-०. लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टीवर कप नेला. शेवचेन्कोची शेवटची पेनल्टी डुडेकनं अडवली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो ते कितीतरी वेळ उठलोच नाही. असा घाव बसल्यावर कोच काय करतो? खेळाडू बदलतो, दोष वाटतो, पद्धत फेकून देतो. यातलं काहीच झालं नाही. माल्दिनी, नेस्ता, पिर्लो, गात्तुसो, सेडॉर्फ, काका हीच मंडळी घेऊन तो २००७ मध्ये अथेन्सच्या फायनलला त्याच लिव्हरपूलसमोर उभा राहिला आणि इंझागीच्या दोन गोलांवर २-१ जिंकला. दोन वर्षं त्या ड्रेसिंग रूममध्ये इस्तंबूलचं भूत बसलेलं असणार. ते कुणीतरी शांतपणे सांभाळलं म्हणून अथेन्स झालं. ही कोचिंगच आहे. ती टीव्हीवर दिसत नाही एवढंच.

मग इंग्लंडमध्ये चेल्सीला पहिल्याच वर्षी लीग आणि एफए कप, लीगमध्ये १०३ गोल. पुढच्या वर्षी दुसरा नंबर आला तर शेवटचा सामना संपल्यावर एव्हर्टनच्या गुडिसन पार्क स्टेडियमवरच त्याला काढून टाकलं. पॅरिसच्या पीएसजी क्लबला २०१३ ची लीग दिली.

त्यानंतर माद्रिद. विंगवर खेळणारा बेल आला, त्यामुळे दि मारियाला विंगवर जागा उरली नाही. दुसरा कोच असता तर दि मारिया बाकावर बसला असता. यानं त्याला मिडफिल्डमध्ये आणलं. लिस्बनच्या २०१४ च्या फायनलमध्ये रामोसच्या ९३ व्या मिनिटाच्या हेडरनं माद्रिद जिवंत राहिलं, पण जादा वेळात बेलच्या गोलाआधी कडेनं घुसून ॲटलेटिकोचा बचाव फाडला तो दि मारियानं. सामनावीरही तोच. २०२१ मध्ये दुसऱ्या खेपेला माद्रिदला आल्यावर व्हिनिसियस. आदल्या हंगामात लीगमध्ये ३ गोल मारलेल्या पोरानं अँचेलोटीच्या पहिल्याच वर्षी १७ मारले, आणि पॅरिसला झालेल्या २०२२ च्या फायनलमधला एकमेव गोलही त्याचाच. बेन्झेमा गेल्यावर बेलिंगहॅमला इतकं पुढं खेळवलं की मिडफिल्डरनं लीगमध्ये १९ गोल केले. २०२४ मध्ये वेम्बलीवर पाचवी चॅम्पियन्स लीग. इतक्या कुठल्याच कोचकडं नाहीत. युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा पहिला कोचही तोच.

त्याचं सगळंच बरोबर असतं असं मी म्हणणार नाही. जर्मनीत बायर्न म्युनिकला त्याची टीमवरची पकड सुटली होती. २०१७ मध्ये पीएसजीविरुद्ध रॉबेन, रिबेरी, हुमेल्स बाकावर ठेवून ३-० हरला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. २०२४-२५ मध्ये क्रूस निवृत्त झाल्यावर माद्रिदचा मधला भाग उघडा पडला आणि बार्सिलोनाकडून चारही सामने हरला. पळायची तयारी नसलेल्या टीमला तो दमात घेत नाही, आणि कधीकधी घ्यायला हवं. हे मान्य आहे मला. पण ज्या स्वभावामुळं तो क्रूसला विचारतो त्याच स्वभावाची ही दुसरी बाजू आहे. एक घेतली की दुसरी येणारच.

मे २०२५ मध्ये तो ब्राझीलचा कोच झाला. १० जूनला साओ पावलोत पॅराग्वेशी सामना होता, आपल्याकडे ११ तारखेची सकाळ, सव्वासहा. त्या दिवशी त्याचा ६६ वा वाढदिवस. हाफटाइमच्या जरा आधी गोल झाला, मारला व्हिनिसियसनं. १-० आणि ब्राझील वर्ल्डकपला पात्र.

मी हाफटाइमलाच टीव्ही बंद करून ग्राउंडवर गेलो, पोरं साडेसातला येतात. वाटेत त्या पोराच्या घरावरून गेलो. त्याची आई दारात होती. म्हटलं, 'वहिनी, त्याला पाठवा उद्या सकाळी. मधी खेळवतो म्हणावं.'