रेघ नकाशावर, डोंगर घरामागे

इटलीत पोत्सुओलीतल्या आमच्या दाराशी एक पिशवी कायम टांगलेली असते. औषधं, बॅटरी, ओळखपत्रं, जुना चष्मा. मी जिची देखभाल करते ती आजी ऐंशीच्या पुढची आहे. मार्च १९७० मध्ये, जमीन वर उचलली जात होती तेव्हा, सैनिकांनी रिओने तेर्रा हा समुद्रकाठचा अख्खा वाडा रिकामा केला. तान्हं मूल काखेत घेऊन ती निघाली. त्या घरात राहायला परत जाणं झालंच नाही.

नेपल्सजवळचं हे गाव ज्वालामुखीच्या तोंडातच वसलंय. इथल्या जुन्या रोमन बाजाराच्या खांबांना माणसाच्या डोक्यावर भोकं आहेत. आपल्या शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी पाडलेली. म्हणजे खांब तेवढे पाण्यात बुडाले आणि परत वर आले. १५३८ च्या उद्रेकात आठवडाभरात शंभर मीटरहून उंच डोंगर उभा राहिला, त्रिपेर्गोले नावाचं गाव त्याखाली गेलं. आज या लाल पट्ट्यात, म्हणजे उद्रेक झाला तर रिकामा करायच्या भागात, पाचेक लाख माणसं राहतात. ३० जून २०२५ ला ४.६ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा आजीने आधी पिशवीकडे पाहिलं.

आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून दादा फोनवर सांगतो, "बाय, ही रेघ मारली की आमचं घर गेलं म्हणून समज." रेघ म्हणजे पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची हद्द. वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, केंद्राचा मसुदा आला. त्यात गोव्यातली १०८ गावं आहेत. खाणी, क्वारी म्हणजे दगडखाणी, वाळूउपसा, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं यांना मनाई. राहत्या घराची दुरुस्ती किंवा वाढ यांना नाही. मी हे वाचून दाखवलं तर दादा म्हणतो, "ते कागदावर."

त्याचा अविश्वास मला पोकळ वाटत नाही. इथे नेपल्सच्या खाडीपलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पट्ट्यात नवी घरं बांधायला बंदी आहे, तरी बेकायदा मजले चढत गेले. २००३ च्या सुमारास बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला ३०,००० युरो देऊ केले. तेवढ्यात या भागात कुठे घर येतं? फार थोडी माणसं हलली.

पण म्हणून रेघच पुसा, ही मागणी मला पटत नाही. काजूच्या बागेला, सुपारी-नारळाच्या कुळागराला हात लागणार नाही हे ग्रामसभेत लेखी मागा. मसुदा मराठीत-कोकणीत वाचून दाखवायला अधिकाऱ्यांना गावात बोलवा. आमच्या गावाला वगळा म्हणणाऱ्याला मात्र विचारा, वगळलेल्या डोंगरात उद्या क्वारी आली तर तू कुठे असशील? जुलै २०२१ ला म्हादई नदीला पूर आला, सत्तरीत दरडी कोसळल्या, तेव्हा आईला पाठीवर घेऊन दादाच बाहेर पडला होता. इथे पोत्सुओलीत जमीन आपण होऊन हलते, तिला कोण अडवणार? आमच्याकडे जेसीबी लावून डोंगर कापतात.

सत्तरीतल्या आमच्या घरामागचा डोंगर दोन वर्षांपूर्वी असाच कापलाय, कुणाच्या तरी बंगल्याच्या रस्त्यासाठी. मी दादाला म्हटलं, वाद राहू दे, एकदा वर जाऊन बघ. काल त्याने फोटो पाठवला. लाल मातीत लांब भेग, अंदाज यावा म्हणून शेजारी कोयती ठेवलेली. भेगेत मूठ सहज जाईल. खाली त्याने लिहिलंय, आईला पावसाभर वाळपईला मावशीकडे ठेवतो.