सगळे सारखे तेजस्वी? नाही हो!

‘वन-ए’ प्रकारचे सगळे सुपरनोव्हा (म्हणजे ताऱ्यांचे स्फोट) सारख्याच तेजाचे असतात आणि म्हणून त्यांच्यावरून अंतर काढता येतं, असं सुपरनोव्हांवरच्या एका लेखात वाचलं. गफलत इथेच आहे. ते सारखे नसतातच! जो जास्त तेजस्वी, तो सावकाश मावळतो. फिका असेल तो झपाट्याने विझतो. कमाल तेजानंतरच्या 15 दिवसांत तो किती मंदावला हे मोजायचं आणि तेजाचा आकडा दुरुस्त करायचा, ही खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्ये दाखवलेली वाट. ती नसती, तर या सुपरनोव्हांच्या अंतरांवरून विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे 1998 मध्ये ठामपणे सांगणं कठीणच होतं.

आणि धुळीचं काय? 2014 च्या जानेवारीत एम 82 दीर्घिकेतला सुपरनोव्हा मी आठ इंची दुर्बिणीतून पाहिला. राखाडी पट्ट्यात एक बारीक ठिपका, बस्स. (तेवढ्यासाठी दोन तास कुडकुडलो!) अंतर साधारण 1.2 कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे तसा शेजारीच. पण तिथल्या धुळीने त्याचा बराच प्रकाश गिळला होता, रंगही लालसर केला होता. रंग न तपासता नुसतं तेज मोजलं, तर तो आहे त्याहून दूर वाटला असता.