विद्यापीठ कंपनीच्या खिशात? आधी करार तर वाचा

खरिपाची जुळवाजुळव सुरू झाली की आमच्या वऱ्हाडातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मथळा असतो ‘कृषी विद्यापीठं कंपन्यांनी विकत घेतली’. आतला मजकूर थोडक्यात असा: पूर्वी विद्यापीठं कंपनीच्या पैशाला शिवत नव्हती, तेव्हा संशोधन खरं होतं. आता कंपनी पैसे देते आणि तिला हवा तो निकाल मिळतो. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस, अशाच संगनमतातून विदर्भावर लादला गेला. विद्यापीठानं करार केला की वाण कंपनीचं होतं, मग बियाणं घरी ठेवलं तर शेतकऱ्यावर केस. आणि या सगळ्यातून शेतकऱ्याच्या हाती भोपळा.

या रागाला कारण आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं उभं पीक पोखरलं. कंपनीचं नाव काढलं की आमच्याकडे कपाळाला आठी पडते ती उगाच नाही. पण राग खरा म्हणून मेसेज खरा होत नाही.

‘पूर्वी शिवत नव्हती’ हे तर नागपुरातच खोटं पडतं. तिथली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये उभी राहिली ती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या पैशातून. ते कामठीचे खाणमालक होते. म्हणजे उद्योगाचा पैसा विदर्भातल्या विद्यापीठात स्वातंत्र्याआधीच आला होता.

आता ‘हवा तो निकाल’. शिकत असताना कापसावरच्या एका कीटकनाशकाच्या चाचणीत मोजणीच्या कामाला मी होतो, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. शेताचे छोटे छोटे प्लॉट पाडलेले असतात. पाटीवर टी-१, टी-२ एवढंच. एक प्लॉट बिनफवारणीचा, एकात आधीपासून शिफारशीत असलेलं औषध, बाकीच्यांत नवीन औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा. तोच संच तीन-चार वेळा, जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलून. प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं निवडायची आणि झाडाचं वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं उलटी करून तुडतुडे, म्हणजे पानाचा रस शोषणारे किडे, मोजायचे. हे सकाळी लवकर करावं लागतं, ऊन चढलं की तुडतुडा पानावर थांबत नाही. फवारणीआधी एकदा, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. असे किमान दोन हंगाम. बांधावर उभा राहून बघणारा एखादा विचारायचाच, “साहेब, हे कंपनीवाल्याचं हाय का सरकारचं?” पैसे कंपनीचे होते. पण शुल्क विद्यापीठाच्या खात्यात आधीच भरलेलं होतं, आणि निकाल उलटा आला म्हणून ते परत मिळत नाही.

त्यापुढे शेतकऱ्यांसाठी त्या औषधाची शिफारस व्हायची तर प्रस्ताव ‘जॉइंट ॲग्रेस्को’त जातो. अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची ही वार्षिक बैठक. अकोल्याच्या प्रस्तावाला प्रश्न विचारायला तिथे बाकीच्या तिघांची माणसं बसलेली असतात. आकडे कुणी कधीच वाकवत नाही, असं मी म्हणणार नाही. पण ‘पैसे दिले, निकाल घेतला’ इतकं ते सोपं नाही. शिवाय कंपन्यांवर टीका करायला शास्त्रज्ञ घाबरतात, असंही मेसेजात आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक असतानाच डॉ. केशव क्रांती यांनी संकरित बीटीच्या धोरणावर जाहीर टीका केली होती. पुढे २०२० मध्ये ग्लेन स्टोन यांच्यासोबत त्यांनी शोधनिबंधच लिहिला: बीटीनं सुरुवातीला फवारणी घटली, पण नंतर खर्च पुन्हा वर गेला आणि उत्पादन आहे तिथेच थांबलं.

बीटीचा मुद्दा सर्वांत जास्त चुकीचा आहे, आणि सर्वांत जास्त फिरतोही तोच. बीटी कापसाला परवानगी मिळाली २६ मार्च २००२ रोजी. ते वाण महिको या बियाणे कंपनीचे, आतलं जनुक मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचं. अकोल्याच्या विद्यापीठाचा त्या वाणांशी काही संबंध नव्हता, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. विद्यापीठाचा पीकेव्ही (पंजाबराव कृषी विद्यापीठ) हायब्रीड-२ हा वाण आमच्या कोरडवाहू रानात चांगला रुळलेला होता. पण त्यात बीटी जनुक नव्हतं. दुकानात बीटीशिवाय बियाणं मिळेनासं झालं तसा तो बाजूला पडला. शेवटी महाबीजशी, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाशी, करार करून त्याला बीटीत आणलं गेलं, तेव्हा दीड दशक उलटलं होतं आणि बोंडअळी बीजी-२ ला, म्हणजे बीटीच्या दुसऱ्या पिढीला, सरावली होती. हा करार केला म्हणून कुणाला दोष द्यायचा असेल तर द्या, माझा दोष तो इतक्या उशिरा केल्याचा आहे.

एकट्या सरकारी पैशावर बीटी आणायचा प्रयत्नही झालाच. नागपूरची ती केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि दिल्लीची एक सरकारी संस्था यांनी मिळून ‘बिकानेरी नरमा बीटी’ काढला. सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्यानं बियाणं घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरावं असा. कंपनीचा एक पैसा त्यात नव्हता. २००९ मध्ये तो शेतात आला आणि त्याच वर्षअखेरीस थांबवावा लागला, कारण बियाण्यात मोन्सँटोचंच जनुक सापडलं. चौकशीसाठी डॉ. सोपोरी समिती नेमावी लागली. घरी ठेवता येईल असं बीटी बियाणं आमच्या हातून गेलं ते असं. पैसा सरकारचा असला की काम चोख होतं, ही समजूत तिथे मोडायला हवी होती.

केसची भीती मात्र मुद्दाम घातल्यासारखी वाटते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. त्यातलं कलम ३९ सांगतं की संरक्षित वाणाचंसुद्धा बियाणं शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. अट एकच, ब्रँड लावून विकायचं नाही. करार कुणाशीही झालेला असो, हा हक्क उठत नाही. पेटंट कायद्यातही वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. ‘केस’ हा शब्द बहुधा २०१९ च्या गुजरातच्या प्रकरणातून आला असावा. पेप्सिकोनं एफसी-५ बटाट्यावरून शेतकऱ्यांना कोर्टात खेचलं आणि ओरड झाल्यावर काही आठवड्यांत दावे मागे घेतले. ते वाण कंपनीचं स्वतःचं होतं, विद्यापीठाचं नव्हे. आमच्याकडे तर उलट कृषी विभागच दर वर्षी सांगत फिरतो की सोयाबीनचं घरचं बियाणं वापरा, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा, सत्तर उगवले तर खुशाल पेरा. संकरित कापसाची सरकी पेरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, हे खरं. त्याला संकराचा गुणधर्म कारणीभूत आहे, करारनामा नाही.

बियाणं महाग झालं ते रॉयल्टीमुळे, असंही एक वाक्य त्यात घुसडलेलं असतं. २०१६ मध्ये केंद्रानं बीजी-२ च्या पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात जनुकाचं शुल्क, म्हणजे ही रॉयल्टी, ४९ रुपये होतं. २०२० मध्ये ते शून्यावर आणलं. तरी २०२४ मध्ये पाकीट ८६४ रुपयांना होतं. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

राहिला भोपळा. अकोला विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल बघा. आराखडा विद्यापीठाचा, यंत्र बनवणारे लहान कारखानदार, परवाना घेऊन. तूर आधी एमरीच्या, म्हणजे खरखरीत, रोलरवरून काढतात, तेवढ्यानं टरफलाला ओरखडे बसतात. मग तेल चोळून ढीग लावायचा, नंतर पाणी मारून उन्हात वाळवायचं आणि पुन्हा यंत्रातून काढायचं. डाळ एकीकडे, चुनी (डाळीचा चुरा) आणि भुसा दुसरीकडे. चुनी जनावरांना जाते. बचत गटाच्या बायका हे काम गावातच करतात, नाहीतर तूर बाजार समितीत घालून डाळ किराणा दुकानातून आणायची. कारखानदाराशी हातमिळवणी केली नसती तर हे यंत्र विद्यापीठाच्या शेडमध्ये प्रदर्शनापुरतं राहिलं असतं.

मग मेसेजात पटण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण ते त्यानं लिहिलेलंच नाही. कंपनीनं चाचणीला पैसे दिले आणि औषध फुसकं निघालं, तर कंपनी गप्प बसते आणि अहवाल फायलीत जातो. तेच औषध दुसऱ्या पिकाच्या परवान्यावर कृषी केंद्रात विकायला असतं आणि दुकानदार ते कापसावरही खपवतो. ते कापसावर चालत नाही हे विद्यापीठाला माहीत असतं, आम्हाला नसतं. अहवाल प्रसिद्ध करायचा हक्क कुणाकडे, वाण एकाच कंपनीला दिलं की अनेकांना, विद्यापीठाला वाटा किती, किंमत कोण ठरवणार, हे सगळं करारनाम्यात लिहिलेलं असतं आणि तो करारनामा आमच्यापैकी कुणी मागत नाही.

तो मागता येतो. विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. व्यापारी गुपित म्हणून नकार येईल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(d) मध्येच लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर तेही द्यावं लागतं. अपिलात तेवढं कलम नमूद करायला विसरू नका. चाचणीच्या अहवालाची प्रत त्याच अर्जात मागा, आणि वाण किंवा औषधाचं नाव, हंगाम आणि संशोधन केंद्र नीट लिहा. मोघम मागितलं की मोघमच उत्तर येतं.