एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : लेन्स तुमचीच आहे, सर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलानं वाचून दाखवला. बाकीच्यांना विषय कळावा म्हणून त्यातलं मुख्य इथं लिहितो. तुमचं म्हणणं असं की चार दिवसांत देतो म्हणून एकोणीस दिवस लावले, सर्व्हिसिंगचे ३,२०० रुपये घेतले आणि १०० एक्सची, म्हणजे शंभर पट मोठं दाखवणारी, ओरिजिनल लेन्स काढून घेऊन दुसरी बसवली. 'आमच्या लेन्सवर पांढरी रिंग नव्हती, आता आहे. आणि दिसतंय पूर्वीपेक्षा धुरकट. यांच्याकडे मायक्रोस्कोप देताना दहा वेळा विचार करा.'

एकोणीस दिवसांबद्दल माफी मागतो. घरात पुतणीचं लग्न होतं, आणि मशीन उघडल्यावर बल्बचा होल्डर वितळलेला निघाला. तो मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटवरून मागवला, आला तो भलताच. पुन्हा पाठवला, पुन्हा मागवला. हे सगळं तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत तेही खरं आहे. लॅबमध्ये एकच मायक्रोस्कोप असला की तो नसताना काय होतं ते मला कळतं. चूक झाली.

पण लेन्स बदलली हे ऐकल्यावर मात्र ताट बाजूला सारलं, सर. वडिलांनी याच गाळ्यात हे काम सुरू केलं, पुढं मी. उशीर करणारा म्हणून लोक मला ओळखतात, ते मी नाकारत नाही. लेन्स चोरणारा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ती पांढरी रिंग तुमच्या लेन्सवर पहिल्या दिवसापासून आहे. ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे स्लाईडकडच्या लेन्सला, किती पट दाखवते त्यानुसार रंगाच्या रिंगा असतात, ४ ला लाल, १० ला पिवळी, ४० ला निळी आणि १०० ला पांढरी. तुमच्या बाकीच्या तिन्ही लेन्सवर आपापली रिंग आहे, आत्ता उठून बघा. मग कंपनी चौथीवरच रिंग द्यायची विसरली का? रिंग होती. तुम्हाला दिसत नव्हती, कारण तिच्यावर तेल बसलं होतं.

मशीन २००४ सालचं आहे असं तुमच्याच टेक्निशियननी सांगितलं. १०० एक्सनं बघताना लेन्स आणि स्लाईडच्या मध्ये तेलाचा थेंब घालावा लागतो, आणि त्या वेळी लॅबमध्ये त्यासाठी सिडारवुड ऑईल वापरायचे. ते तेल पुसलं नाही तर डिंकासारखं वाळतं, वर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल. मी लेन्स उतरवली तेव्हा ती फोडणीच्या पळीसारखी दिसत होती. राग मानू नका, निम्म्या लॅबमधून अशाच येतात. कापूस गुंडाळलेली बांबूची काडी पेट्रोलियम ईथरमध्ये बुडवून मी ती सावकाश फिरवत होतो. पहिले तीन बोळे चहासारखे तपकिरी निघाले. चौथ्याला '१६०/०.१७' हे लेन्सवर कोरलेले आकडे (ट्यूबची लांबी आणि स्लाईडवरच्या काचेची जाडी, मिलिमीटरमध्ये) वर आले, आणि त्यानंतर पांढरी रिंग. मुलगा शेजारी बसला होता. तो म्हणाला, 'बाबा, हिला रिंग आहे की!' आम्ही दोघं हसलो. त्याच रिंगेवरून चोर ठरू असं तेव्हा कुठं माहीत होतं.

अजून एक खूण सांगतो. लेन्स फिरवायला कडेनं बारीक खाचा असतात ना, तिथं एका बाजूला पक्कडीचे चार दात उमटलेत. पूर्वी कुणीतरी अडकलेली लेन्स पक्कडीनं पिळून काढलेली आहे. ते आमचं काम नव्हे. आम्ही लेन्सला रबराची पट्टी गुंडाळून हातानं फिरवतो. मशीन घेतलं त्याच दिवशी जॉबकार्डावर मी लिहिलंय, '१०० एक्स, पक्कडीच्या खुणा', आणि खाली तुमच्या टेक्निशियनची सही आहे. ते चार दात आजही तिथंच आहेत, भिंग घेऊन बघा. मी दुसरी लेन्स लावली असती तर तिच्यावर त्याच जागी तेच चार दात उमटवत बसलो असतो का?

आणि चोरून मी तिचं करणार काय? तुमची लेन्स १६० मिलिमीटर ट्यूबची आहे. हल्लीची बरीच मशिनं इन्फिनिटीची, म्हणजे वेगळ्या रचनेच्या लेन्सची असतात, तिथं ती बसवली तरी नीट दिसत नाही. आतून बुरशी लागलेली, बाहेरून पक्कड लागलेली. अंबाल्यात बनलेली नवी लेन्स घालून तुमची वीस वर्षांची ठेवून घ्यायची म्हणजे मला पदरचे पैसे घालून चोरी करावी लागेल.

आता धुरकट दिसण्याबद्दल. तुमची लॅब खाडीजवळ आहे. पावसाळ्यात कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते तिथं. मायक्रोस्कोपवर प्लॅस्टिकचं कव्हर घालून तो लाकडी पेटीत बंद ठेवला की ओल आतच कोंडते आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे चढतात. धागे पुसता येतात, ते मी पुसले. पण बुरशीतून आम्ल सुटतं, ते काचेवरचं कोटिंग खातं, आणि खाल्लेलं कोटिंग मला काय, कुणालाच परत आणता येत नाही. नेताना तुमच्या टेक्निशियनना मी हे सांगितलं होतं. त्यांनी आमच्या टेबलावर मलेरियाची स्लाईड लावून बघितली आणि 'छान दिसतंय' म्हणाले. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, माहीत नाही.

दुसरी शंका तेलाची. तुमच्याकडे आता लिक्विड पॅराफिन वापरतात असं कळलं. स्वस्त पडतं, वाळत नाही, सगळं खरं. पण काचेला जुळणाऱ्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.५१५ लागतो आणि पॅराफिनचा १.४८ च्या आसपास असतो. १०० एक्सवर तेवढ्यानंही धार जाते. चांगलं इमर्शन ऑईल एक थेंब घालून बघा, कंडेन्सर (स्लाईडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) पूर्ण वर घ्या आणि मग सांगा. (स्लाईड उलटी तर ठेवलेली नाही ना, तेही बघा. हसू नका, वर्षातून तीन-चार फोन त्याचेच असतात.) आणि हात जोडून सांगतो, झायलीननं (लॅबमधलं तेल विरघळवणारं द्रावण) लेन्स पुसू देऊ नका. तेल झटक्यात निघतं, पण आतली भिंगं ज्यानं एकमेकांना चिकटवलेली असतात तेही सुटायला लागतं. तुमच्या ४० एक्समध्ये कडेला जो इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो, तो माझ्या मते त्याचाच. ती लेन्स कोरडी वापरायची असते, तिच्यावर तेल जायलाच नको, पण १०० वरून मागं फिरवताना जातंच.

पैशाबद्दल मी बोलणार नव्हतो. पण ३,२०० मध्ये मोठ्या नॉबचं वाळून मेण झालेलं ग्रीस काढून नवं भरलंय, स्लाईड ठेवायची स्टेज आपोआप खाली घसरत होती ती थांबवलीय, दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसत होती म्हणून प्रिझम जुळवलेत. त्या प्रिझमवरच माझी एक अख्खी सकाळ गेली. तुमच्या टेक्निशियनना संध्याकाळी डोकं दुखायचं ना? आता विचारा त्यांना. होल्डरचे पैसे मी लावलेच नाहीत, उशीर झाला म्हणून. पावतीवर तो नाहीच.

हे सगळं इथं लिहायला नको होतं, फोनवर बोललो असतो. पण तुम्हीही फोन न करता इथंच लिहिलंत. काल एका कॉलेजातून फोन आला, त्यांचे चौदा मायक्रोस्कोप प्रॅक्टिकलच्या आधी दरवर्षी आमच्याकडे असतात. बाई अवघडून म्हणाल्या, 'जरा रिव्ह्यू वाचला, म्हणून विचारते.' मी काय उत्तर दिलं ते मलाच आठवत नाही. आमचं दुकान बोर्डावर चालत नाही, एकानं दुसऱ्याला सांगितलं की चालतं. न सांगितलं की बंद.

यापुढं मशीन घेतानाच प्रत्येक लेन्सचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचा असं मुलाशी बोललोय. तारखेचंही काहीतरी करू, निदान उशीर होणार असेल तर मेसेज जाईल असं बघतो.

तुम्ही मशीन घेऊन एकदा या. एक पैसा घेणार नाही. तुमच्यासमोर लेन्स उतरवतो, चार दात दाखवतो, आमच्याकडचं तेल घालून तुमचीच स्लाईड बघू. त्यानंतरही तुम्हाला ती लेन्स तुमची वाटली नाही तर रिव्ह्यू तसाच राहू द्या. गुरुवारी दुकान बंद असतं. येताना आंबा घाटात वळणं फार आहेत, मायक्रोस्कोप मांडीवर आडवा घेऊ नका, मागच्या वेळी तसाच आणला होता. उभा ठेवा, एक हात आर्मला, एक बेसखाली. आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. निळी असेल ती, गुलाबी झालेली नको. नसेल तर इथून देतो.