कोटेशनं तीन, निर्णय आधीच झालेला

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम कारखान्यातली मशीन खरेदीची फाईल उघडून बघा. तीन कोटेशनं, कम्पॅरेटिव्ह (तिन्हींच्या तुलनेचा तक्ता), खाली चार सह्या. सगळं नियमात. पण बऱ्याचदा कुठलं मशीन घ्यायचं हे कोटेशनं मागवायच्या आधीच ठरलेलं असतं आणि उरलेली दोन नुसती फाईल भरायला येतात.

दर वेळी यामागे कट-कमिशनच असतं असं नाही. हर्बर्ट सायमन (1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांचं म्हणणं होतं की मॅनेजर सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. चालण्याजोगा सापडला की थांबतो. त्यात गैर काही नाही, वेळ कुणाकडे आहे? गोची अशी की ‘चालण्याजोगा’ म्हणजे काय, हे मशीन आवडल्यावर ठरतं. म्हणून निकष आणि त्यांचे गुण एन्क्वायरी पाठवायच्या आधी लिहा, तारीख टाका, सही घ्या.

खरी गफलत पेबॅकच्या, म्हणजे मशीनचे पैसे किती महिन्यांत वसूल होतील त्या आकड्यात असते. समजा 36 लाखांचं व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे. दोन शिफ्ट, महिन्याला 25 दिवस, म्हणजे वर्षाला 4,800 तास. वीज-टूल वजा जाता तासाला 600 रुपये सुटतात, दोन ऑपरेटरचा पगार वर्षाला 6 लाख. फाईलमध्ये 85 टक्के वापर धरतात, पैसे 23 महिन्यांत वसूल. सेटिंग, मटेरियलची वाट, ऑपरेटरची दांडी धरून वापर 60 टक्क्यांवर आला की तेच 38 महिने होतात. वापर घटला तरी पगार तेवढाच जातो ना!

आता 32 लाखांचं दुसरं मशीन घ्या. 4 लाख वाचले म्हणून पर्चेस खूश. पण त्याचा सर्व्हिस इंजिनिअर दर ब्रेकडाउनला तीन दिवस उशिरा येत असेल, तर एका वेळचे 48 तास म्हणजे 28,800 रुपये बुडाले. वर्षात चार ब्रेकडाउन धरा, साडेतीन वर्षांत ती बचत साफ.

हे मेंटेनन्सवाल्याला आधीपासून माहीत असतं. पण मीटिंगमध्ये साहेब सुरुवातीलाच “मला ते दुसरं बरं वाटतंय” म्हणाले की तो कशाला तोंड उघडतोय! साध्या दोन गोष्टी करा: प्रत्येकाचे गुण मीटिंगआधी लेखी घ्या, आणि साहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. (दुसरी अमलात आणणं जड जातं.)

आणि सहा महिन्यांनी मशीन प्रत्यक्ष किती तास चाललं ते काढून त्या 85 टक्क्यांशेजारी खरा आकडा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. पण खरेदी झाली की ती फाईल थेट ऑडिटलाच उघडते.