फिलॉसॉफी म्हणे श्रीमंतांची चैन!

व्हॉट्सॲपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, "कॉलेजात फिलॉसॉफी घेऊ नका". का, तर नोकरी लागत नाही, नुसती बडबड असते, आपल्या संतांनी सगळं आधीच सांगून ठेवलंय, आणि शेवटी ठळक अक्षरात, ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाच्या पोरांनी पोटापाण्याचं शिकावं. माझ्या भाचीला एसवायबीएला फिलॉसॉफी स्पेशल घ्यायचंय आणि भावजींनी हाच मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकून खाली "नीट विचार कर" लिहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात वाईट आहे. गरिबाच्या पोरानं डोकं चालवू नये हे आपल्याकडे शेकडो वर्षं ऐकवून झालंय. बाबासाहेब 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या स्कॉलरशिपवर, मुख्य विषय अर्थशास्त्र, तरी तिथले तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या फिलॉसॉफीच्या वर्गांना जाऊन बसले. पुढे 1936 मध्ये लाहोरला होऊ न दिलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', त्यात ते ड्युईंचं नाव घेऊन सांगतात की हे माझे शिक्षक, यांचं माझ्यावर फार ऋण आहे. नुसते आभार मानून थांबत नाहीत हो, मागून आलेलं सगळंच जपायचं नसतं, पुढचा समाज ज्यानं चांगला घडेल तेवढंच पुढे द्यायचं, हा ड्युईंचा विचार घेऊन ते हिंदू समाजालाच जाब विचारतात. ही चैन? शेवटाकडे आहे तो भाग, फॉरवर्ड करणाऱ्यांनी काढून वाचावा.

संतांचं म्हणाल तर ज्ञानोबांच्या अमृतानुभवाचं सातवं प्रकरण आहेच मुळी अज्ञानखंडन, समोरच्याचं मत घेऊन ते खोडत जायचं. हेच तर वर्गात शिकवतात! आणि बडबड वाटत असेल तर बारावीला लॉजिक, म्हणजे फिलॉसॉफीचाच भाग असलेलं तर्कशास्त्र, घेतलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तिथे थापा मारून मार्क मिळत नाहीत.

नोकरीचं मात्र पूर्ण खोटं नाहीये, मान्य करावं लागतं. प्राध्यापकांच्या जागा रखडल्यात, शिकलेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतायत. पण यूपीएससी मेन्सला फिलॉसॉफी ऑप्शनल घेता येतो, 1750 पैकी 500 मार्क, शिवाय 2013 पासून एथिक्सचा 250 मार्कांचा पेपर सगळ्यांनाच आहे. भावजी, विचारायचंच असेल तर कॉलेजला विचारा की डिपार्टमेंटला पर्मनंट शिक्षक किती आहेत, आणि नसतील तर का नाहीत.