ओल्ड सॅरमचे ‘सात गावकरी’: एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

इंग्लंडमधील ओल्ड सॅरम या जुन्या मतदारसंघाविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: विल्टशायर परगण्यातील एका उजाड टेकडीवर अवघे सात गावकरी राहत असत आणि ते सात जण संसदेत दोन सदस्य पाठवत, मद्रासच्या एका इंग्रज गव्हर्नराने हिंदुस्थानातून चोरलेला हिरा विकून हा मतदारसंघ विकत घेतला, येथून निवडून जाणारे सगळे नामधारी होते, हा सारा प्रकार उघड बेकायदेशीर असूनही पाचशेहून अधिक वर्षे कोणी त्याविरुद्ध शब्द काढला नाही, आणि अखेर १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो बंद होताच ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला मताधिकार मिळाला. ओल्ड सॅरमला संसदेत दोन जागा होत्या आणि त्या १८३२ मध्ये रद्द झाल्या, एवढा भाग निर्विवाद आहे. उरलेल्या तपशिलांपैकी बहुतेक चुकीचे आहेत आणि त्या चुकांमुळे त्या व्यवस्थेचा खरा दोष कोठे होता हेच वाचकाच्या नजरेआड जाते, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सात गावकऱ्यांचे विधान सर्वांत जास्त पसरले आहे आणि सर्वांत जास्त दिशाभूल तेच करते. ओल्ड सॅरम हे एके काळी खरेखुरे शहर होते. प्राचीन तटबंदीच्या आत नॉर्मन राजवटीत किल्ला आणि कॅथीड्रल उभे राहिले. पण पाण्याची टंचाई, उघड्या टेकडीवरचा वारा आणि किल्ल्यातील शिबंदीशी धर्मगुरूंचे सततचे खटके यांमुळे बिशप रिचर्ड पूअर यांनी १२२० मध्ये खालच्या नदीकाठी नव्या कॅथीड्रलचा पाया घातला. त्याच्याभोवती आजचे सॉल्सबरी वसले आणि वरचे शहर हळूहळू ओस पडत गेले. १२९५ मध्ये ओल्ड सॅरममधून संसदेत प्रतिनिधी बोलावले गेले तेव्हाच त्याची उतरती कळा सुरू झालेली होती. सॉल्सबरी शहराला स्वतःच्या वेगळ्या दोन जागा होत्या. फिरत्या मजकुराच्या काही आवृत्त्यांत या दोन्ही मतदारसंघांची गल्लत केलेली दिसते.

शहर ओस पडले तरी भूखंडांच्या हद्दी कागदावर शिल्लक राहिल्या. येथील मताधिकार ‘बर्गेज’ पद्धतीचा होता, म्हणजे ठरावीक जुन्या भूखंडांचा जो धारक, तो मतदार. त्याने तेथे राहावे, तेथे घर असावे किंवा त्याने ती जमीन कसावी अशी कोणतीही अट नव्हती. आपल्याकडच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगायचे तर मत हे माणसाला नव्हते, ते जणू सातबाऱ्यावरील नोंदीला चिकटलेले होते. अठराव्या शतकात मतदारांची संख्या सात सांगितली जाते आणि १८३१ मध्ये ती अकरा होती. पण हे सात किंवा अकरा जण टेकडीवरचे रहिवासी नव्हते. जमीनमालक आपल्या विश्वासातील माणसांच्या नावे भूखंड करून देई आणि ते त्याच्या इच्छेप्रमाणे मत देत. अशा मतदारसंघांत निवडणुकीपुरता दस्तऐवज हाती द्यायचा आणि मतदान झाले की परत घ्यायचा, ही पद्धत सर्रास चालत असे. ओल्ड सॅरमची निवडणूक शेतात एका एल्म वृक्षाखाली होत असे.

हा फरक मी इतक्या आग्रहाने मांडतो याला कारण आहे. ‘सात गावकऱ्यांना दोन प्रतिनिधी’ म्हटले की दोष फक्त प्रमाणाचा वाटतो, मूठभर लोकांना जास्त वाटा मिळाला एवढाच. वस्तुतः ओल्ड सॅरममध्ये मतदार म्हणता येईल असा स्वतंत्र माणूसच नव्हता. दोन्ही जागा एका मालकाच्या होत्या आणि जमिनीबरोबर त्यांची खरेदी-विक्री होत असे. १८०२ मध्ये दुसरे बॅरन कॅमलफर्ड यांच्याकडून दुसरे अर्ल ऑफ कॅलिडन यांनी ही मालमत्ता ६०,००० पौंडांना घेतली. जमीन आणि तिच्यावरील हक्क यांचे वार्षिक उत्पन्न फार तर ७०० पौंड होते. उत्पन्नाच्या पंचाऐंशी पट किंमत कोणी शेतीसाठी देत नाही. ही किंमत संसदेतील दोन आसनांची होती.

आता हिऱ्याकडे वळू. संबंधित गव्हर्नर म्हणजे टॉमस पिट. १६९८ ते १७०९ या काळात ते मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचे गव्हर्नर होते. छत्रपती राजाराम महाराजांनी सोडलेला जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर काही महिन्यांतच ते तेथे रुजू झाले. गोवळकोंडा प्रदेशातील खाणीतून निघालेला सुमारे ४१० कॅरटचा कच्चा हिरा त्यांनी १७०१-०२ च्या सुमारास जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून ४८,००० पॅगोडांना (पॅगोडा म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातील सोन्याचे नाणे) घेतला आणि पैलू पाडल्यानंतर १७१७ मध्ये तो फ्रान्सचे राजप्रतिनिधी ड्यूक ऑफ ऑर्लिआँ यांना विकला. हिरा गैरमार्गाने मिळवल्याचा आरोप पिट यांच्यावर त्यांच्या हयातीतच झाला होता आणि १७१० मध्ये त्यांनी त्याचा लेखी खुलासा करून ठेवला. तो खुलासा प्रत्येकाला पटेलच असे नाही, पण ‘चोरलेला’ हा शब्द सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा वापरणे योग्य ठरत नाही.

मुख्य अडचण मात्र कालक्रमाची आहे. पिट यांनी ओल्ड सॅरमची मालमत्ता अर्ल ऑफ सॉल्सबरी यांच्याकडून १६९०-९१ च्या सुमारास घेतली होती, म्हणजे हिरा त्यांच्या हाती येण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे आणि तो विकला जाण्यापूर्वी पंचवीसहून अधिक वर्षे. हिऱ्याच्या पैशातून त्यांनी जी मोठी खरेदी केली ती कॉर्नवॉलमधील बोकॉनॉकची जहागीर होती. असे असले तरी ओल्ड सॅरमचा हिंदुस्थानशी संबंध नव्हता असे मुळीच नाही; मजकुरात सांगितला आहे त्याहून तो अधिक खोल होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला न जुमानता ओडिशातील बालासोर बंदराच्या बाजूने खासगी व्यापार करून पिट यांनी तरुणपणीच पैसा जमवला होता आणि ओल्ड सॅरमची खरेदी त्या सुबत्तेतून झाली. पुढे १८०२ चे खरेदीदार कॅलिडन यांच्या घराण्याची संपत्तीही त्यांच्या वडिलांनी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानातच मिळवलेली होती. मतदारसंघाच्या अखेरच्या काळात तेथून निवडून जाणारे जोसायस डू प्रे अलेक्झांडर हे याच घराण्यातले असून कंपनीचे संचालक होते. चकाकणाऱ्या एका हिऱ्याच्या गोष्टीमुळे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोनदा घडलेली ही गोष्ट मागे पडते, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण मराठी वाचकासाठी या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे.

निवडून जाणारे सगळे नामधारी होते, हे विधान नावांची यादी पाहताच कोसळते. १७३५ मध्ये टॉमस पिट यांचे नातू विल्यम पिट येथूनच प्रथम संसदेत गेले आणि पुढे त्यांनी ब्रिटनचे नेतृत्व केले. १८०२ ते १८१२ येथून सदस्य असलेले निकोलस व्हॅन्सिटार्ट पुढे अर्थमंत्री झाले. १८०१ मध्ये तर संसदीय सुधारणेचे कट्टर पुरस्कर्ते जॉन हॉर्न टूक यांनाच कॅमलफर्ड यांनी या जागेवर पाठवले. टूक यांनी पूर्वी धर्मगुरूची दीक्षा घेतलेली असल्याने त्यांच्या सदस्यत्वावरून वाद झाला आणि त्यातून धर्मगुरूंना कॉमन्स या संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहात बसण्यास मनाई करणारा कायदा त्याच वर्षी झाला.

मात्र सदस्य कर्तबगार होते म्हणून व्यवस्था चांगली होती, असा त्या काळी केला जाणारा युक्तिवादही मला मान्य नाही. विल्यम पिट यांचेच उदाहरण पाहावे. १७४७ मध्ये ते सरकारात होते आणि मालमत्तेचे धनी असलेले त्यांचे थोरले बंधू विरोधातील युवराजांच्या बाजूला होते. पिट यांना ओल्ड सॅरम सोडून सीफर्डमधून उभे राहावे लागले. त्यांच्या कामाचे मोजमाप करून त्यांना हटवणारे कोणी मतदार तेथे नव्हते. भावाचे मन फिरले, एवढे कारण पुरेसे ठरले.

बेकायदेशीरपणाचा आरोप तर अगदी उलट दिशेने नेणारा आहे. १८३२ पूर्वीही संसदेने लाचखोर मतदारसंघांवर कारवाई केली होती. न्यू शोरम आणि विल्टशायरमधलेच क्रिकलेड या ठिकाणी मतदारांनी मते विकल्याचे उघड झाल्यावर १७७१ आणि १७८२ मध्ये आसपासच्या ग्रामीण भागातील जमीनधारकांना मताधिकार देऊन मतदारसंघ रुंदावले गेले; ग्रॅमपाउंड १८२१ मध्ये पूर्ण रद्द झाला. ओल्ड सॅरमला या कायद्यांची झळ कधीच लागली नाही, कारण तेथे लाच देण्याची गरजच नव्हती. सर्व मते आधीच मालकाची असताना कोणाला आणि कशासाठी पैसे द्यायचे? तेथील प्रत्येक निवडणूक त्या काळच्या कायद्याला धरूनच झाली, आणि माझ्या मते ओल्ड सॅरमविषयी सांगण्यासारखी सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

‘कोणी शब्द काढला नाही’ या विधानाला उत्तर देण्यास फार जागा लागत नाही. राजेशाही उलथवून सत्तेवर आलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात १६५३ च्या राज्यघटनेने असे अनेक ओसाड मतदारसंघ वगळले आणि ओल्ड सॅरमलाही १६५४ व १६५६ च्या संसदांत प्रतिनिधी नव्हता. १६५९ मध्ये जुनी पद्धत परत आली. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, भग्नावशेषही न उरलेल्या आणि मेंढपाळापलीकडे वस्ती नसलेल्या नाममात्र नगराला भरभराटीच्या परगण्याइतके प्रतिनिधी कसे, असा प्रश्न केला. ओल्ड सॅरममधूनच कारकीर्द सुरू केलेल्या विल्यम पिट यांनी १७६६ मध्ये अशा मतदारसंघांना राज्यघटनेचा कुजलेला भाग म्हटले. त्यांचे त्याच नावाचे पुत्र पंतप्रधान असताना त्यांनी १७८५ मध्ये ३६ मतदारसंघ मालकांना भरपाई देऊन बंद करण्याचा प्रस्ताव आणला. तो २४८ विरुद्ध १७४ मतांनी फेटाळला गेला. सुधारणावादी पत्रकार विल्यम कॉबेट यांनी या टेकडीला ‘शापित’ म्हटले ते यानंतरचे. आवाज उठत होता. ज्यांच्या हाती मते होती त्यांचेच हितसंबंध गुंतलेले असल्याने तो निष्फळ ठरत होता. भरपाईची कल्पनाही काल्पनिक नव्हती: ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या १८०० च्या एकीकरण कायद्याच्या वेळी आयर्लंडमधील रद्द झालेल्या मतदारसंघांच्या मालकांना प्रत्येकी १५,००० पौंड देण्यात आले होते. १८३२ मध्ये ओल्ड सॅरमच्या मालकाला असे काही मिळाले नाही, आणि संसदेतील जागा ही मालमत्ता नाही हे तत्त्व प्रत्यक्षात तेव्हा लागू झाले.

शेवटचे विधान १८३२ च्या परिणामांचे. त्या कायद्याने ओल्ड सॅरमसह ५६ मतदारसंघ पूर्ण रद्द केले, आणखी ३० मतदारसंघांची एकेक जागा काढून घेतली आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या औद्योगिक शहरांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिले. हे मोठे काम होते आणि त्याचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण शहरांत मत मिळाले ते वार्षिक दहा पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषांना. इंग्लंड आणि वेल्समधील मतदारांची संख्या सुमारे साडेचार लाखांवरून साडेसहा लाखांच्या आसपास गेली, म्हणजे बहुसंख्य प्रौढ पुरुष बाहेरच राहिले. कायद्यात मतदारासाठी ‘पुरुष’ हा शब्द स्पष्टपणे घातल्याने स्त्रियांना प्रथमच कायद्याच्या भाषेत वगळले गेले. मतदान उघडपणे होत असल्याने जमीनदाराला आपल्या कुळाचे मत कोणाला गेले हे कळत असे. गुप्त मतदान १८७२ मध्ये आले. शहरी कामगारांपैकी अनेकांना १८६७ मध्ये, ग्रामीण मजुरांपैकी अनेकांना १८८४ मध्ये, जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांना १९१८ मध्ये, तर स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मताधिकार मिळाला. एकाच व्यक्तीला व्यवसायाच्या जागेमुळे किंवा विद्यापीठाच्या पदवीमुळे दुसरे मत देण्याची मुभा त्यानंतरही वीस वर्षे टिकली. ती १९४८ च्या कायद्याने संपली आणि १९५० ची सार्वत्रिक निवडणूक तिच्याविना झालेली पहिली निवडणूक ठरली.